रंगाचे वजन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. आमच्या उर्दू शाळेचा कबड्डीचा संघ निवडून झाला होता. सात खेळणारे आणि पाच राखीव अशा बारा मुलांसाठी नव्या जर्सी घ्यायच्या होत्या. जुन्या जर्सी हिरव्या होत्या. त्यांच्या आधीच्याही हिरव्या होत्या. मी स्वतः शाळेत शिकत होतो तेव्हाही हिरव्याच होत्या. त्यामुळे रंग कोणता घ्यायचा, हा प्रश्न आमच्याकडे कधी कुणाला पडलाच नव्हता. मी वहीत मुलांची मापे लिहून घेत होतो. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा, आमचा सगळ्यात चपळ चढाईपटू, मान खाली घालून म्हणाला,

"सर, इस बार हरा नक्को."

"कायकू रे?"

तो काही बोलेना. शेवटी दुसर्‍याने सांगितले. मागच्या वर्षी तालुक्यातल्याच एका गावच्या मैदानावर सामना चालू असताना गर्दीतून कुणीतरी शेजारच्या देशाचे नाव घेऊन ओरडले होते. आजूबाजूचे चार-दोन जण हसले होते. मी तेव्हा मैदानाच्या दुसर्‍या टोकाला गुणलेखकाजवळ बसलो होतो. मला ते ऐकूच आले नाही. मुलांना मात्र ऐकू आले होते आणि त्यांनी ते वर्षभर मनात ठेवले होते.

बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी पास केलेला. पण त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. "बघू," एवढेच म्हणून मी वही मिटली.

घरी आलो तर अब्बा ओट्यावर बसले होते. अब्बांना आता नीट दिसत नाही, पण माझा चेहरा त्यांना बरोबर वाचता येतो. मी त्यांना सगळे सांगितले. सांगावे असे वाटण्याचे कारण होते. रंगांच्या बाबतीत अब्बांपेक्षा जाणता माणूस मला माहीत नाही.

अब्बा पेंटर. फुलंब्रीच्या स्टँडवर त्यांची एक टपरी होती. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस मराठी, हिंदी आणि उर्दू तिन्ही अक्षरे सारख्याच वळणात काढत असे. दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेटी, निवडणुकीत भिंती, असे मिळेल ते काम. पण त्यांचे खरे गिर्‍हाईक म्हणजे औरंगाबाद ते सिल्लोड धावणार्‍या काळ्या-पिवळ्या जीपा. त्या सगळ्या जीपा एकसारख्या. टपाचा रंग एक, अंगाचा रंग एक, आतली कोंबाकोंबीही एक. मग आपली गाडी ओळखायची कशी? त्यासाठी अब्बा होते. कुणाच्या काचेवर 'माशाअल्लाह', कुणाच्या 'आई-वडिलांची पुण्याई', कुणाचा बाण, कुणाचा घोडा, कुणाची चांद-तारा, कुणाचा भगवा ध्वज. सगळे एकाच हाताने काढलेले, एकाच ब्रशने. संध्याकाळी तो ब्रश एकाच डब्यातल्या घासलेटात धुतला जाई. मी डबा धरून शेजारी उभा असे.

चौक्याच्या घाटात या जीपांच्या शर्यती लागत. पुढच्या थांब्यावरचे पॅसेंजर ज्याने आधी गाठले त्याचे. आत बसलेली माणसे जीव मुठीत धरून बसत आणि तरीही "अपनी गाडी आगे गई" म्हणून खूश होत. दहा रुपये देऊन बसलेल्या माणसाची ती गाडी एका तासापुरती 'अपनी' होई. संघ म्हणजे काय, याचा पहिला धडा मला तिथे मिळाला.

एकदा मी अब्बांना विचारले होते, "अब्बा, आपको कौन सा रंग पसंद है?" ते हसून म्हणाले, "जिसने डिब्बे के पैसे दिये, उसका."

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते २००५ साली. मी पंधरा वर्षांचा होतो. त्या वर्षी नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. आमच्या गल्लीत क्रिकेटशिवाय दुसरे काही पाहिले जात नसे. पण आपला माणूस म्हटल्यावर मी रविवारी टीव्हीला चिकटून बसू लागलो. त्याची गाडी पिवळी होती, जॉर्डन नावाच्या संघाची. त्या वर्षी १९ जूनला अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची शर्यत आपल्याकडे रात्री उशिरा लागली. टायरच्या भानगडीमुळे चौदा गाड्या सुरुवात होण्याआधीच परत फिरल्या आणि फक्त सहा गाड्या धावल्या. कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. सहांतला चौथा! पण आम्हाला त्याचे काय? भारताच्या माणसाला गुण मिळाले होते.

अब्बा तेव्हा जागे झाले होते. चष्मा लावून त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले. त्यांना शर्यतीत रस नव्हता, अक्षरांत होता.

"इस पे इत्ता लिखेला क्या है रे?"

"कंपन्यांची नावे आहेत अब्बा. त्या पैसे देतात."

"और गाडी किसकी?"

मला उत्तर देता आले नाही. ड्रायव्हर भारतीय, संघ एका आयरिश माणसाने उभा केलेला, कारखाना इंग्लंडमध्ये, इंजिन जपानी, आणि पिवळा रंग ज्या वर्षांत रुजला तेव्हा तो एका सिगारेट कंपनीच्या पैशाने रुजलेला. अब्बांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मतलब अपनी जीप जैसाच है."

पुढे हा विषय मी हौसेने वाचत गेलो. तेव्हा कळले की पूर्वी असे नव्हते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटारशर्यतीत गाडीचा रंग देशावरून ठरे. इटलीची लाल, फ्रान्सची निळी, जर्मनीची पांढरी आणि पुढे चांदीच्या रंगाची. आणि हिरवी कुणाची? हिरवी ब्रिटनची. त्याचीही एक गोष्ट आहे. १९०३ साली गॉर्डन बेनेट चषकाची मोठी शर्यत ब्रिटनने भरवायची होती; पण ब्रिटनच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याने बंदी. म्हणून ती आयर्लंडमध्ये झाली. आयर्लंडच्या मानासाठी इंग्रजांनी आपल्या गाड्यांना तिथला हिरवा रंग दिला आणि पुढे तोच त्यांचा होऊन बसला. पाहुणा म्हणून गेले आणि यजमानाचा रंग घेऊन आले.

१९६८ साली शर्यतीत जाहिरातींना मोकळीक मिळाली. लोटस या इंग्रज संघाने आपला पिढीजात हिरवा रंग उतरवला आणि गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे लाल, पांढरे, सोनेरी रंग चढवले. तेव्हापासून रंग देशाचा राहिला नाही, डब्याचे पैसे देणार्‍याचा झाला. फेरारीने मात्र लाल रंग सोडला नाही, असे आपण म्हणतो. तेही पुरते खरे नाही. १९६४ साली एंझो फेरारी यांचे इटलीच्या मोटार संघटनेशी बिनसले. रागाच्या भरात त्यांनी मोसमातल्या शेवटच्या दोन शर्यतींत आपल्या गाड्या पांढर्‍या-निळ्या रंगात उतरवल्या. जॉन सर्टीस त्या वर्षी जगज्जेता झाला तो लाल गाडीत नव्हे, पांढर्‍या-निळ्या गाडीत. राग निवळल्यावर लाल परत आला. घरातले रुसवेफुगवे असतात तसेच हे.

पण मला खरे शिकवले ते कार्तिकेयनच्या त्या पिवळ्या गाडीच्या कारखान्याने. तो इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या मैदानासमोर आहे. २००५ हे त्या संघाचे जॉर्डन या नावाचे शेवटचे वर्ष. त्यानंतर मालक बदलत गेले आणि २००८ मध्ये त्याच कारखान्यातून आलेल्या गाडीवर नाव होते फोर्स इंडिया. विजय मल्ल्या यांनी एका डच भागीदारासोबत तो संघ विकत घेतला होता. २००९ पासून गाडीवर केशरी, पांढरा आणि हिरवा रंग दिसू लागला. त्याच वर्षी बेल्जियमच्या शर्यतीत फिसिकेला या इटालियन ड्रायव्हरने सगळ्यात पुढची जागा मिळवली आणि शेवटी तो दुसरा आला, पहिल्यापासून एका सेकंदाच्याही आत. मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो. मेसमध्ये आम्ही तिघे-चौघेच ती शर्यत पाहणारे, पण टाळ्या अशा वाजवल्या की आचारी बाहेर आला. पुढच्याच शर्यतीत तो फिसिकेला फेरारीच्या लाल गाडीत जाऊन बसला.

मग ३० ऑक्टोबर २०११ आला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या दिवशी माझी पंचाईत झाली. तिरंगी गाड्या होत्या दोन. त्यांतली एक जर्मन चालवत होता, दुसरी स्कॉटिश. आणि आपला कार्तिकेयन होता एका स्पॅनिश संघाच्या गाडीत. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? आपल्या रंगासाठी की आपल्या माणसासाठी? फोर्स इंडिया दहा वर्षे धावली. त्या काळात एकाही शर्यतीत तिच्या गाडीत भारतीय ड्रायव्हर बसला नाही. तरीही ती आम्हाला आपली वाटत होती. मला वाटते, आपलेपणा असाच असतो. तो हिशेब विचारत नाही. म्हणूनच तो विकताही येतो.

२०१८ च्या जुलैमध्ये संघाचे दिवाळे वाजले. ऑगस्टमध्ये एका कॅनडियन उद्योगपतीच्या गटाने तो घेतला. पण कागदोपत्री तो नवा संघ ठरला आणि फोर्स इंडियाने त्या मोसमात मिळवलेले ५९ गुण पुसले गेले. अर्ध्या मोसमाची कमाई शून्य. लगेच बेल्जियमची शर्यत होती. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच, नट-बोल्ट आवळणारे सुमारे चारशे कामगारही तेच. त्या शर्यतीत त्यांच्या दोन गाड्या पाचव्या आणि सहाव्या आल्या आणि एका दिवसात अठरा गुण मिळाले. नाव गेले, नावावरचे सगळे गेले. पण हात शाबूत होते.

हे मी वाचले तेव्हा मला त्या चारशे माणसांच्या घरांची आठवण आली. पाहिलेली नव्हती, तरी आली. कारण अशी घरे माझ्या माहितीची आहेत. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील, काका, भाऊ शेंद्र्याला आणि वाळूजला कामाला जातात. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, पुढे त्याच आवारात ऑडीच्याही. आता गंमत पाहा. स्वित्झर्लंडमध्ये हिनविल नावाचे एक छोटे गाव आहे. तिथला साउबर हा संघ १९९३ पासून फॉर्म्युला वनमध्ये आहे. मध्ये तो बीएमडब्ल्यू साउबर झाला, पुन्हा साउबर झाला, २०१९ मध्ये अल्फा रोमिओ झाला, २०२४ मध्ये एका जुगाराच्या कंपनीचे नाव त्याला लागले आणि २०२६ च्या मोसमापासून तो ऑडी झाला. म्हणजे ज्या चार कड्यांचे बोधचिन्ह शेंद्र्यात आपल्याच भागातल्या माणसांच्या हातांनी गाडीच्या तोंडावर बसते, तेच आता तिथल्या शर्यतीच्या गाडीवर आहे. चिन्ह बसवणारा हात मात्र कुठल्याच गाडीवर दिसत नाही. अब्बांचे नावही कधी कुठल्या जीपवर नव्हते. फार तर कोपर्‍यात बारीक अक्षरात 'पेंटर' असे लिहून त्यापुढे गावाचे नाव.

नावांचे म्हणाल तर आपण काही वेगळे नाही. अब्बांनी आयुष्यभर जीपांवर 'औरंगाबाद-फुलंब्री-सिल्लोड' अशी पाटी रंगवली. २०२३ साली शहराचे नाव बदलले, आता बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर असते. त्यावर लोकांनी पुष्कळ वाद घातला, इथे तो माझा विषय नाही. मला एवढेच दिसते की घाट तोच आहे, वळणे तीच आहेत, आणि फुलंब्रीहून सकाळी डबा घेऊन कामाला जाणारी माणसेही तीच आहेत.

तर त्या संध्याकाळी मी अब्बांना जर्सीचे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, रंग को वजन होता."

मला वाटले, काही तत्त्वज्ञान सांगताहेत. तसे नव्हते. ते सरळ पेंटरचे बोलणे होते. एका जीपला किती लिटर रंग लागतो, दुसरा हात मारला की किती वाढतो, जुना न खरवडता वर नवा चढवत गेलात तर काही वर्षांनी पापुद्रा कसा जड होऊन सुटतो, हे ते सांगत होते. "नवा रंग देना है तो पहले पुराना खरडना पडता. नहीं तो नीचे का ऊपर आता."

मला एकदम आठवले. जर्मनीच्या पांढर्‍या गाड्या चांदीच्या कशा झाल्या, याची एक आख्यायिका आहे. १९३४ साली मर्सिडीजची गाडी ठरलेल्या साडेसातशे किलोंपेक्षा जरा जास्त भरली. तेव्हा रात्रभर बसून तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा धातू चमकू लागला, असे सांगतात. जाणकारांना ही गोष्ट पटत नाही. पण रंगाला वजन असते हे मात्र अगदी खरे आहे. २०२२ मध्ये गाड्या जड झाल्या तेव्हा फॉर्म्युला वनच्या बर्‍याच संघांनी जागोजागी रंग काढून टाकला आणि खालचा काळा कार्बन उघडा ठेवला. काही ग्रॅमसाठी! आणि त्याच मर्सिडीजने २०२० मध्ये आपली चांदीची गाडी पूर्ण काळी केली होती. ती वजनासाठी नव्हे, वर्णद्वेषाच्या विरोधात. तिच्यात बसणारा लुईस हॅमिल्टन हा फॉर्म्युला वनमधला पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. कोट्यवधी रुपयांचा पसारा असलेल्या माणसांनाही कधीकधी रंगाने बोलावे लागते.

मग सातवीतल्या मुलाच्या पाठीवर तो हिरवा रंग किती किलोचा झाला असेल?

मला दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही नकोशा होत्या. कुणी ओरडले म्हणून हिरवा सोडला, तर आमचा रंग त्या ओरडणार्‍याने ठरवला असे झाले. कुणी ओरडले म्हणून हट्टाने हिरवाच घेतला, तरी ठरवणारा तोच. आणि खरे सांगायचे तर हा रंग आम्ही तरी कधी विचार करून घेतला होता? कुणीतरी कधीतरी घेतला आणि आम्ही चालवत आलो. आपल्याकडे अशा कितीतरी गोष्टी आहेत, ज्यांना आपण ओळख म्हणतो आणि ज्या नुसत्या सवयी असतात. हे आपण आपसात बोलत नाही. बाहेरच्याने बोट दाखवले की त्या सवयीसाठी आपण भांडायला उठतो, किंवा घाबरून ती लपवतो. दोन्ही वेळी तिच्याकडे नीट पाहायचे राहून जाते.

दुसर्‍या दिवशी मी त्या बारा मुलांना शेवटच्या तासाला वर्गात बसवले. फळ्यावर एक यादी लिहिली. १९९१ जॉर्डन, हिरवा. मग जॉर्डनच, पिवळा. २००६ मिडलँड, लाल-करडा. २००७ स्पायकर, नारिंगी. २००८ फोर्स इंडिया, पुढे तिरंगी. २०१७ ला जाहिरातीसाठी पूर्ण गुलाबी. २०१८ रेसिंग पॉईंट. २०२१ ॲस्टन मार्टिन, पुन्हा हिरवा. मी विचारले, "ये कितनी टीमें है?"

"आठ," कुणी म्हणाले. "छह," दुसरा म्हणाला.

"एक," मी म्हणालो. "एकच जागा, एकच कारखाना."

वर्ग हसू लागला. गुलाबी गाडी सगळ्यांना फारच आवडली. मी मोबाईलवर चित्रे दाखवली. शेवटी ॲस्टन मार्टिनची गडद हिरवी गाडी दाखवली. त्यांना सांगितले की हा इंग्रजांचा रंग, त्यांनी तो आयर्लंडकडून घेतला, आज त्या गाडीवर सौदीच्या तेल कंपनीचे नाव आहे, आणि तिच्या पूर्वीच्या अवतारावर आपला तिरंगा होता. रंगावर कुणाचे नाव कोरलेले नसते. आज तुमचा, उद्या दुसर्‍याचा. तुम्हाला कोणता हवा ते तुम्ही ठरवा. कुणाला भिऊन नाही, कुणाला दाखवायला नाही.

तो चढाईपटू इतका वेळ गप्प होता. त्याने विचारले, "सर, आदमी वोइच थे क्या? काम करने वाले?"

"सगळे नाही. पण बरेच जण तेच."

तो पुन्हा गप्प बसला.

मी बारा चिठ्ठ्या वाटल्या. कुणी कुणाचे पाहायचे नाही असे बजावले. मोजल्या तेव्हा हिरव्याला सात, पिवळ्याला दोन, लालला एक आणि गुलाबीला दोन. गुलाबी लिहिणारे कोण, हे मला अक्षरावरून कळले, पण मी बोललो नाही. चढाईपटूने काय लिहिले तेही कळले. तेही इथे सांगत नाही. हिरवा ठरला, पण गडद. "गाडी वाला हरा," असे मुलांनीच त्याचे नाव ठेवले.

पैशाचा प्रश्न होताच. स्टँडजवळच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानदाराने निम्मे पैसे दिले. अट एवढीच की बाहीवर दुकानाचे नाव यावे. मी जरा संकोचलो. मुले मात्र उड्या मारू लागली. आता आपल्याही अंगावर कंपनीचे नाव! अब्बांचा नियम शाळेपर्यंत आला होता.

नावे आणि नंबर छापून घ्यायचे, तर शहरात न्यायला हवे होते. पण अब्बा म्हणाले, मी करतो. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम बंदच आहे. एका रात्रीत छापून निघणार्‍या फ्लेक्सपुढे हाताच्या अक्षराला कोण विचारतो? तरी त्यांनी जुन्या पत्र्याचे साचे शोधून काढले, कापडावरचा रंग आणायला लावला. ओट्यावर बारा जर्सी पसरल्या. मी पंधराव्या वर्षी उभा राहायचो तसाच डबा धरून उभा राहिलो. त्यांना दिसत नव्हते म्हणून साच्याच्या कडा मी बोटाने दाबून धरत होतो. नंबर झाले. मग त्यांनी विचारले, "ऊपर नाम क्या डालना? स्कूल का?"

शाळेचे नाव लांबलचक, पाठीवर मावणारे नव्हते. मी मुलांकडे पाहिले. कुणीतरी म्हणाले, "गाव का डालो ना दादा."

अब्बांनी मराठीत पांढर्‍या ठसठशीत अक्षरांत 'फुलंब्री' लिहिले. बारा वेळा. शेवटच्या दोन जर्सींवर अनुस्वार जरा तिरका गेला आहे. ते त्यांना कुणी सांगितले नाही.

सामन्याच्या दिवशी मी गुणलेखकाजवळ बसलो नाही. गर्दीत, मुलांच्या पाठीमागे उभा राहिलो. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसर्‍या सामन्यात समोरचा संघ तगडा होता. गर्दीला कबड्डीत कुणाला तरी हाक मारायची असते, आणि हाक मारायला नाव लागते. ते पाठीवर लिहिलेले होते. आमच्या पोराने तिघांना बाद करून मध्यरेषा गाठली तेव्हा पलीकडच्या बांधावरची, माझ्या ओळखीची नसलेली माणसे "फुलंब्री, फुलंब्री" करत होती.

सगळे बदलले असे नाही. उत्तरार्धात माझ्या मागे दोन हातांवर कुणीतरी ते जुनेच वाक्य पुन्हा टाकले. या वेळी मी ते ऐकले. मी वळून पाहिले. कॉलेजात जाणारा असावा, मिसरूड फुटलेला पोरगा होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो दुसरीकडे बघू लागला. आम्ही तो सामना चार गुणांनी हरलो.

परतताना टेंपोत मी चढाईपटूच्या शेजारी बसलो होतो. त्याने ते ऐकले होते का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले आणि मी थांबलो. जर्सी मातीने माखली होती. 'फुलंब्री'मधला 'फु' घासून पुसट झाला होता. त्याने पाठ वळवून ती मला दाखवली आणि म्हणाला,

"सर, रंग निकल रहा. दादा को बोलो ना, फिर से मार के दो. अगले साल भी येइच पहनना है."